खान्देशातल्या दगडखाणीत रामन यंत्र: पांढरे खडे जागेवर कसे ओळखायचे

सावदा-जळगावकडच्या दगडखाणीत सुरुंगानंतर मांजऱ्या दगडातली, म्हणजे पोकळ्या असलेल्या लाव्हाच्या खडकातली, एखादी पोकळी उघडी पडते, तेव्हा आतलं जवळपास सगळं पांढरं किंवा पाणीदार असतं. कॅल्साइट, गारगोटी, अपोफिलाइट, स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट. स्फटिक पूर्ण वाढलेला असेल तर जाणत्या माणसाला यंत्र लागत नाही. मधोमध आवळून बांधलेल्या पेंढीसारखा स्टिल्बाइट लांबूनही कळतो. अडतं ते फुटक्या तुकड्यांवर, अर्धवट वाढलेल्या कवचांवर आणि एकात एक गुंतलेल्या थरांवर. अशा ठिकाणी हातातलं रामन यंत्र अर्ध्या मिनिटात उत्तर देतं. मात्र ट्रिगर दाबायचा आणि पडद्यावर येईल ते नाव वहीत उतरवायचं, अशी सवय असेल तर ते तितक्याच झटपट फसवतं. म्हणून या लेखात भर आहे तो शिखरं, म्हणजे यंत्राच्या आलेखातली टोकं, स्वतः वाचण्यावर.

यंत्र करतं ते एवढंच: खड्यावर लेसर सोडतं आणि परत आलेल्या प्रकाशातला रंग बदललेला भाग मोजतं. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कोलकात्यात नोंदवलेला हा परिणाम फार क्षीण असतो. साधारण एक कोटी प्रकाशकणांमागे एखादाच रंग बदलून येतो. ऊन, उष्णता, माती, ट्यूबलाइट यांपैकी काहीही त्यावर मात करू शकतं. पुढचे शिखरांचे सगळे आकडे तरंगसंख्येतले, म्हणजे प्रति सेंटीमीटर आहेत.

कोणत्या लेसरचं यंत्र

बाजारात तीन लेसर दिसतात: ५३२ नॅनोमीटरचा हिरवा, ७८५चा जेमतेम दिसणारा गडद लाल आणि १०६४चा डोळ्याला अजिबात न दिसणारा. लेसरची तरंगलांबी वाढली की रामन संकेत तिच्या चौथ्या घाताने घटतो. त्यामुळे तेवढ्याच ताकदीला ५३२चा संकेत ७८५च्या जवळपास पावणेपाचपट असतो. झिओलाइट, म्हणजे स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट अशी पाणी धरून ठेवणारी खनिजं, मुळातच मंद, त्यामुळे हा फरक कामाचा. शिवाय खनिजातल्या पाण्याची शिखरं ३२०० ते ३६०० या पट्ट्यात येतात. ७८५च्या लेसरने हा प्रकाश १०५० नॅनोमीटरच्या पलीकडे जातो आणि नेहमीच्या सिलिकॉन सेन्सरला तो दिसत नाही. म्हणजे या खड्यात पाणी आहे का, हा झिओलाइटबाबतचा पहिला प्रश्न हिरव्या लेसरलाच विचारता येतो.

हिरव्याचा तोटा म्हणजे प्रतिदीप्ती, लेसर पडल्यावर पदार्थाचं स्वतःच उजळणं. माती, शेवाळ, दगडफूल यांच्यावर तो पडला की वर्णपटाचा, म्हणजे यंत्राच्या आलेखाचा, तळ डोंगरासारखा फुगतो आणि शिखरं त्यात बुडतात. तिथे ७८५ बरा, आणि १०६४ त्याहून बरा. पण १०६४चं यंत्र जड, महाग आणि संकेत आणखी क्षीण. पोकळीतल्या स्वच्छ स्फटिकांसाठी आमचा कौल ५३२ला. तापीकाठच्या गाळातले चुनखडीचे खडे, लाल मातीचे थर असंच काम जास्त असेल तर ७८५ घ्या.

विकत किंवा भाड्याने घेताना विक्रेत्याला दोन गोष्टी विचाराच. वर्णपट कोणत्या आकड्यापासून सुरू होतो? औषधं आणि रसायनं तपासायला बनवलेली पुष्कळ यंत्रं २५० किंवा ४०० पासून सुरू होतात. ती गारगोटीचं २०६ आणि कॅल्साइटचं १५५ दाखवणारच नाहीत. दुसरं, यंत्र ज्याच्याशी तुलना करतं त्या तयार वर्णपटांच्या संग्रहात खनिजं आहेत का? नसतील तर यंत्र अपोफिलाइटवरही एखाद्या गोळीच्या पावडरीचं नाव सुचवील. ॲरिझोना विद्यापीठाचा आर-आर-यू-एफ-एफ हा खनिजांच्या वर्णपटांचा खजिना फुकट आहे. त्यातले आपल्या भागातल्या वीस-पंचवीस खनिजांचे वर्णपट आधीच उतरवून ठेवा, कारण खाणीत मोबाइलला रेंज असेलच असं नाही.

उन्हाळा आणि यंत्र

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५ अंशांवर जातो. अशा यंत्रांची कामाची मर्यादा बहुतेक ४० अंशांच्या आसपास असते. तापलेल्या सेन्सरचा स्वतःचा गोंगाट दर सहा-सात अंशांना साधारण दुप्पट होतो, आणि लेसरची तरंगलांबीही सरकते. लेसर सरकला की सगळी शिखरं एकदम बाजूला सरकतात. काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उरका. उन्हाळ्यात जावंच लागलं तर सकाळी दहाच्या आत आवरा.

यंत्र बंद गाडीत किंवा डिक्कीत ठेवू नका. थर्माकोलच्या डब्यात, पांढऱ्या कापडात गुंडाळून ठेवा. बर्फ घालू नका: थंड यंत्र बाहेर काढताच भिंगावर दव धरतं आणि आतलं बाष्प वाळायला तास लागतो. सिलिका जेलच्या दोन पुड्या पुरेत. यंत्र सुरू केल्यावर मोजणीपूर्वी दहा-पंधरा मिनिटं तसंच चालू राहू द्या, लेसर स्थिरावतो.

मापं जुळवणं

सकाळी कामाला लागताना, दुपारी, आणि सावलीतून उन्हात गेल्यावर, असं दिवसातून निदान तीनदा यंत्राची मापं तपासा. सिलिकॉनची चकती असेल तर शिखर ५२०.५ वर हवं. यंत्रासोबत पॉलिस्टायरीनचा तुकडा येतो. त्याचं मुख्य शिखर १००१.४ वर, आणि शेजारी ६२०.९, १०३१.८, १६०२.३ ही तीन. तुकडा हरवला तर औषधाच्या दुकानातली साधी, बिनरंगाची पॅरासिटामॉलची गोळी चालते: ८५७.९, १२३६.८, १३२३.९ आणि १६४८.४ बघा. ही सोय कामचलाऊ नव्हे. पॅरासिटामॉल हा मापं जुळवण्यासाठीचा मान्य पदार्थच आहे.

दोन-तीन अंकांचा फरक असेल तर यंत्राचं स्वयंचलित जुळवणं चालवा. पाचाहून जास्त असेल तर यंत्र सावलीत थंड होऊ द्या आणि पुन्हा तपासा. एवढी काटेकोरी का, ते खाली कॅल्साइट आणि अपोफिलाइट शेजारी आले की कळेल.

डोळे आणि सुरुंग

हातातल्या यंत्रांचे लेसर बहुधा ३बी वर्गातले असतात. थेट किरण तर धोक्याचाच, पण खाणीत त्याहून फसवा असतो तो आरशासारख्या स्फटिकपृष्ठावरून उलटलेला किरण, आणि अपोफिलाइटची पृष्ठं अशीच असतात. ७८५ फिका दिसतो म्हणून लोक तो कमी ताकदीचा समजतात. खरं तर डोळा मिटण्याची प्रतिक्रियाच होत नाही म्हणून तो जास्त घातक. चष्मा त्याच तरंगलांबीचा हवा. ५३२चा नारिंगी चष्मा ७८५ला अडवत नाही. मदतनीसालाही चष्मा द्या. खाणीवर बघ्यांची, पोरासोरांची गर्दी जमतेच. मोजणीच्या वेळी समोर कुणी उभं राहणार नाही हे आधी ठरवा.

सुरुंग भरलेल्या किंवा न फुटलेल्या भोकाच्या जवळपास यंत्र नेऊच नका. काळ्या, ज्वालाग्राही पावडरीवर लेसर रोखल्याने ती पेटू शकते. खाणमालकाची परवानगी तोंडी नको, चिठ्ठीवर घ्या. यावल आणि अनेर धरण ही अभयारण्यं आहेत. तिथे दगड उचलायचा नाही.

पृष्ठभाग: निम्मं काम इथेच

मोजायची जागा ताजी फोडलेली असावी. कवचावरच्या मातीचा हातानेही न जाणवणारा थर प्रतिदीप्तीने सगळं झाकून टाकतो. लहान छिन्नीने कोपरा उडवा, मऊ टूथब्रश आणि साध्या पाण्याने धुवा, आणि पूर्ण वाळू द्या. ओल्या खड्यावर ३२०० ते ३४५० या पट्ट्यात पाण्याचा रुंद उंचवटा येतो, आणि हिरव्या लेसरने आपण नेमकं तिथेच झिओलाइटचं पाणी शोधत असतो. साबण वापरू नका, त्याचा अंश चमकतो. स्कोलेसाइट, मेसोलाइटच्या सुयांच्या गुच्छाला ब्रश लावू नका. हवेचा फुगा दाबून धूळ उडवा.

खडा हातात धरून मोजू नका. डब्यात भरलेल्या वाळूत किंवा काळ्या कापडावर घट्ट बसवा. यंत्राचं नळकांडं पृष्ठभागाला टेकवा आणि भोवती काळं जाड कापड गुंडाळा. फट राहिली की ऊन आत जातं. काही यंत्रांचा केंद्रबिंदू नळकांड्याच्या टोकापासून मिलिमीटरभर पुढे असतो. एकच तुकडा टोकाला टेकवून, मग अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरने मागे घेत मोजा, आणि शिखर सर्वांत उंच मिळेल ते अंतर वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

पारदर्शक स्फटिकात किरण आरपार जाऊन मागच्या काळ्या दगडावर पडतो, आणि वर्णपट दोघांचा मिळून येतो. स्फटिक आडवा करा किंवा टोकाशी मोजा.

मोजणी

कॅल्साइट आणि गारगोटीला १ सेकंदाच्या ५ मोजण्या पुरतात. झिओलाइटला ५ ते १० सेकंदांच्या ५ ते १० घ्या. एक लांब मोजणी घेण्यापेक्षा अनेक छोट्या बऱ्या: वैश्विक किरणाने उठलेला सुईसारखा काटा एकाच मोजणीत येतो आणि सरासरीत गळतो. त्या सुईला शिखर समजून नवं खनिज सापडल्याचा आनंद बऱ्याच जणांनी घेतलेला असतो.

तळ फुगलेला दिसला तर लेसर त्याच जागी ३० ते ६० सेकंद रोखून धरा आणि मग मोजा. सेंद्रिय घाण जळून-विरून तळ खाली बसतो. बसला नाही तर जागा बदला.

एका खड्यावर निदान तीन जागी, खडा फिरवून मोजा. स्फटिकाची दिशा बदलली की शिखरांची उंची बदलते, जागा बदलत नाही. संग्रहाशी तुलना करणारं यंत्र उंचीलाही भाव देतं, म्हणून एकाच अपोफिलाइटवर एकदा ९५ टक्के आणि एकदा ७० टक्के जुळणी दाखवू शकतं. टक्क्यांवर विसंबू नका, जागा वाचा.

शिखरं वाचताना

आधी सोपी. गारगोटीचं शिखर ४६४ वर, धारदार आणि एकटं. खालचा पट्टा दिसत असेल तर १२८ आणि २०६. अकीक किंवा कॅल्सेडनी असेल तर हेच ४६४, शेजारी ५०१ वर मोगॅनाइटचं, म्हणजे गारगोटीच्या भाऊबंद खनिजाचं, छोटं शिखर. ते सापडलं तर शिक्कामोर्तब, नाही सापडलं तरी अकीक नाही असं म्हणता येत नाही. कॅल्साइट १०८६, ७१२ आणि २८१. तापीच्या गाळातल्या चुनखडीच्या खड्यांतही हेच १०८६ मिळतं, पण चिकणमातीच्या प्रतिदीप्तीतून डोकं काढेपर्यंत वेळ लागतो. खडा फोडून गाभ्यात मोजा. ॲरागोनाइटचं मुख्य शिखर १०८५ला, म्हणजे तेवढ्यावरून दोघांत फरक करता येत नाही. २८१ की २०६, हे बघा. यंत्र ३०० पासून सुरू होत असेल तर फक्त कॅल्शियम कार्बोनेट लिहा आणि थांबा.

आता कॅल्साइट आणि अपोफिलाइट. फुटलेला पाणीदार अपोफिलाइट बघून कॅल्साइट वाटतो. अपोफिलाइटचं वरचं शिखर १०६०च्या आसपास, सोबत ५८५ आणि ४३३ जवळ. कॅल्साइटचं १०८६. दोघांत फक्त २६ अंक, आणि हातातल्या यंत्राची बारकाई साधारण ८ ते १२ अंकांची. त्यात उन्हाने यंत्र आणखी दहा अंक सरकलं की निर्णय हलला. म्हणून ती सकाळ-दुपारची तपासणी, आणि म्हणून एका शिखरावर निकाल द्यायचा नाही. ७१२ आहे का? असेल तर कॅल्साइट. ५८५ आहे का? असेल तर अपोफिलाइट. जोडीला १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब: कॅल्साइट फसफसतो, अपोफिलाइट गप्प बसतो. आम्ल नेहमी मोजणीनंतर, आणि खड्याच्या दिसणाऱ्या बाजूला नको.

इथेच सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट म्हणजे प्लॅस्टिकची पिशवी. नमुना पिशवीतून न काढताच वरून मोजायचा मोह होतो. पॉलिथिनचं एक शिखर १०६२ वर आहे, अपोफिलाइटच्या अगदी अंगावर. कॅल्साइट, गारगोटी, काहीही आत असो, वर्णपटात १०६० उगवतं आणि यंत्र अपोफिलाइट म्हणतं. ११२९, १२९५ आणि १४४० वरही शिखरं दिसली तर पिशवी बोलतेय असं समजा. काचेच्या बाटलीतूनही मोजू नका; काचेचे रुंद उंचवटे ५६० आणि १०९० च्या आसपास येतात. याचा उलटा उपयोगही आहे: विकायला आलेला पाणीदार खडा काचेचा निघाला तर असेच दोन उंचवटे दिसतात, धारदार काही नाही.

झिओलाइटांमध्ये नेम धरायचा तो ३८० ते ५४० या पट्ट्यावर. सुयांची मंडळी, म्हणजे नॅट्रोलाइट, मेसोलाइट, स्कोलेसाइट, आपलं मुख्य शिखर ५३५च्या आसपास देतात. तिघांत फरक करायला हातातलं यंत्र कमी पडतं. नोंदीत गट लिहा. स्टिल्बाइट आणि ह्यूलँडाइट दोघांचं बळकट शिखर ४००-४१०च्या आसपास, तेव्हा या दोघांचा निवाडा यंत्राकडून करून घेऊ नका. स्फटिकाचा आकार विचारा: स्टिल्बाइट पेंढीसारखा पसरतो, ह्यूलँडाइट मधे रुंद, टोकांना निमुळता, शवपेटीच्या आकाराचा. दोघांच्याही सपाट बाजूवर मोत्याची झाक असते, म्हणून झाक बघून ठरवू नका.

खाणीच्या ऑफिसात बसून सावलीत मोजताना ४८५च्या आसपास एक धारदार, प्रत्येक खड्यावर तंतोतंत त्याच जागी येणारं शिखर दिसलं तर वर बघा. जुन्या ट्यूबलाइटमधल्या पाऱ्याची हिरवी रेषा ५४६.१ नॅनोमीटरची; ५३२च्या यंत्रावर ती बरोबर ४८५ला पडते, झिओलाइटच्या पट्ट्याच्या मधोमध. लेसर बंद ठेवून एक मोजणी घ्या. तरीही शिखर राहिलं तर ते दिव्याचं.

७८५च्या यंत्रावर कॅल्साइट किंवा अपॅटाइटमध्ये कुठल्याही संग्रहाशी न जुळणाऱ्या धारदार रेषा उठतात. त्या बहुधा दुर्मीळ मृदा-मूलद्रव्यांच्या प्रकाशाच्या असतात. दुसऱ्या लेसरने मोजलं की खरं रामन शिखर त्याच तरंगसंख्येवर राहतं, या रेषा दुसरीकडे उडी मारतात.

काळा दगड आणि लाल थर

धुळे-नंदुरबार पट्ट्यात जमिनीतून भिंतीसारख्या निघालेल्या डाइकच्या रांगा आहेत. त्यांच्या दगडात प्लॅजिओक्लेजचं शिखर ५०८च्या आसपास, ऑजाइटची ६६५ आणि १०१०च्या आसपास मिळतात. पण कण बारीक असल्यामुळे एकेका खनिजावर लेसरचा ठिपका बसत नाही. ठिपका मोठा असलेल्या यंत्राने इथे वेळ घालवू नका.

खरी काळजी मॅग्नेटाइटची. त्याचं शिखर ६६८ला, मंद. काळा दगड लेसर गिळतो आणि त्या ठिपक्यापुरता भाजून निघतो. मॅग्नेटाइट भाजून हेमाटाइट होतं, आणि मग वर्णपटात २२५, २९२, ४११ दिसू लागतात. लाव्हाच्या दोन थरांमधल्या लाल मातीतला गोएथाइट (३८५) देखील असाच हेमाटाइट बनतो. तेव्हा काळ्या-लाल नमुन्यावर आधी १ ते ५ मिलिवॉटवर मोजा. यंत्र एवढं खाली उतरत नसेल तर ते एक-दोन मिलिमीटर मागे घेऊन ठिपका पसरवा. मग ताकद वाढवून पुन्हा मोजा. हेमाटाइट दुसऱ्याच मोजणीत उगवलं असेल तर ते खडकातलं नाही, तुमच्या लेसरने शिजवलेलं आहे. ठिपक्याच्या जागी भिंगातून तांबूस डाग दिसला तरी तेच.

पोकळीच्या अस्तराला हिरवा थर असतो तो बहुधा सेलॅडोनाइट. तो रंगाने गडद आणि कण अतिबारीक, संकेत मंद. ताकद वाढवून जबरदस्ती करण्यापेक्षा नमुना घरी आणा.

नोंद आणि पुढची तपासणी

प्रत्येक मोजणीला खाण, थर, पोकळीतली जागा, लेसर, ताकद, सेकंद गुणिले मोजण्या, त्या वेळचं तापमान आणि शेवटच्या माप-तपासणीची वेळ लिहा. यंत्राने सुचवलेलं नाव वेगळ्या रकान्यात, आणि तुम्ही स्वतः वाचलेली शिखरं वेगळ्या. कच्चा वर्णपट जपा. यंत्र तळ कापून दाखवतं तो गुळगुळीत वर्णपट पुढे तपासायला निरुपयोगी ठरतो, कारण मंद शिखरं कापणीतच जातात.

तीनपैकी दोन जागांवर किमान दोन शिखरं जुळली तर नाव पक्कं धरा. एकच जुळलं तर नावापुढे प्रश्नचिन्ह. सुयांचा गट, स्टिल्बाइट-ह्यूलँडाइटचे आकार न कळणारे तुकडे आणि हिरवे थर यांचे निवाडे प्रयोगशाळेतल्या क्ष-किरण विवर्तनाकडे द्या. त्यासाठी एकाच थरातला, भेसळ नसलेला, ग्रॅमभर चुरा कागदाच्या पुडीत बांधा. लॉमोंटाइट हा झिओलाइट हाती लागला असेल तर मात्र कागद नको: कोरड्या हवेत पाणी सोडून तो पांढरा पडतो आणि भुगा होतो. ओल्या कापसाबरोबर डबीत घट्ट बंद करा आणि डबी उन्हात ठेवू नका.